संकेतस्थळाचे लेखापरीक्षण : मांडलेला माल गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून

'ऑडिट' हा शब्द बँकेच्या शाखेत उच्चारला की नोंदवह्यांचे गठ्ठे, प्रलंबित व्हाउचरे आणि अनुपालनाच्या मुदती डोळ्यांपुढे उभ्या राहतात. या शब्दाचे मूळ मात्र 'ऐकणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. लिहिता-वाचता येणारी माणसे थोडी होती त्या काळी कारभारी हिशेब मोठ्याने वाचून दाखवीत आणि जाणकार मंडळी ते ऐकून त्यातील खोट शोधीत. पुढे हिशेब कागदावर उतरला, कागदावरून संगणकात गेला. मूळ तत्त्व मात्र तेच राहिले. मांडणाऱ्याच्या नजरेतून जे निसटते, ते तिऱ्हाइताच्या नजरेला दिसते.

आज हेच तत्त्व एका नव्या क्षेत्रात उपयोगी पडत आहे. लघुउद्योजक, बागायतदार, हस्तकलाकार, गृहउद्योग चालविणाऱ्या महिला, घरगुती निवासव्यवस्था चालविणारी कुटुंबे असे अनेक ग्राहक आपापले संकेतस्थळ उभारतात. त्यासाठी स्वतःची बचत किंवा व्यवसायासाठी घेतलेल्या कर्जातील काही रक्कम खर्ची पडते. संकेतस्थळ तयार झाल्याचा आनंद होतो, आप्तेष्टांना ते दाखविले जाते आणि त्यानंतर वर्षभर कोणी फिरकत नाही. तारण मालाची तपासणी होते, साठ्याचे विवरणपत्र मागविले जाते. परंतु ज्या पाटीवर धंद्याची भिस्त ठेवली, ती पाटी गिऱ्हाइकाला दिसते की नाही, हे मात्र कोणी पाहत नाही. ही उणीव भरून काढणारी तपासणी-साधने आज उपलब्ध आहेत आणि त्यांतील काही पूर्णतः विनामूल्य आहेत.

बागेतला माल, पडद्यावरची पाटी

विषय स्पष्ट होण्यासाठी देवगड तालुक्यातील एका काल्पनिक बागायतदाराचे उदाहरण घेऊ. हापूसचा मुख्य हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. मार्चअखेरीपासून मेअखेरीपर्यंत जे विकले जाईल, त्यावर वर्षाचा संसार, मजुरांची देणी आणि कर्जाचा हप्ता अवलंबून. दलालावर विसंबून न राहता थेट गिऱ्हाइकापर्यंत पोहोचावे, या हेतूने त्याने संकेतस्थळ तयार करून घेतले. बागेची सुरेख छायाचित्रे, दरपत्रक, संपर्क क्रमांक असे सारे काही त्यावर आहे. 

तिकडे इंदूर, बडोदे किंवा बंगळूर येथे स्थायिक झालेले एखादे मराठी कुटुंब अस्सल देवगड हापूस घरपोच मिळावा म्हणून शोध घेत आहे. एक जण देवनागरीत 'देवगड हापूस घरपोच' असे लिहितो, दुसरा तेच शब्द रोमन लिपीत लिहितो, तिसरा 'अल्फान्सो' असे इंग्रजी नाव लिहितो. तिघांनाही या बागायतदाराचे संकेतस्थळ दिसत नाही. जे दिसते, ते कोणाचे आहे आणि त्या पेटीतला आंबा कोठला आहे, याची खात्री नसते. हापूस आंब्याला रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या ५ जिल्ह्यांसाठी २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; परंतु मानांकनाचा लाभ खऱ्या उत्पादकाला व्हायचा, तर तो उत्पादक गिऱ्हाइकाला सापडला पाहिजे. विकणाऱ्याकडे माल आहे, घेणाऱ्याकडे पैसा आहे. दोघांची गाठ मात्र पडत नाही. हंगाम निघून गेला की ही चूक दुरुस्त करण्यासाठी पुढील वर्षाची वाट पाहावी लागते.

शोधयंत्र वाचते कसे ?

गूगल, बिंग यांसारख्या शोधयंत्रांचे काम ढोबळमानाने तीन पायऱ्यांत चालते. पहिली पायरी भ्रमंतीची. शोधयंत्राची स्वयंचलित आज्ञावली एका पानावरील लिंकवरून दुसऱ्या पानावर जाते आणि तेथील मजकूर उचलते. दुसरी पायरी सूचीची. ग्रंथालयात ग्रंथांची वर्गवारी व्हावी, तशी उचललेल्या पानांची नोंद एका प्रचंड सूचीत होते. तिसरी पायरी क्रमवारीची. एखाद्याने शब्द लिहून शोध घेतला की सूचीतील कोणती पाने त्या शोधाला अधिक सुसंगत आहेत, हे ठरवून ती क्रमाने दाखविली जातात.

क्रमवारी ठरविताना अनेक घटकांचा विचार होतो. इतर संकेतस्थळांनी आपल्या पानाचा दिलेला संदर्भ हा त्यांतील एक. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या गूगलची सुरुवातीची ख्याती याच पद्धतीवर उभी राहिली. हा घटक आपल्या हाताबाहेरचा असतो. याउलट पानाचे शीर्षक, त्यावरील मजकूर, मथळे, चित्रांची वर्णने, अंतर्गत लिंक, पान उघडण्याचा वेग या गोष्टी पूर्णपणे मालकाच्या हाती असतात. त्या नीट करण्याच्या प्रक्रियेला 'ऑन-पेज ऑप्टिमायझेशन', म्हणजेच पानावरील सुधारणा, असे म्हणतात. आपल्या हातात जे आहे ते आधी नीट करावे, हा व्यवहारातील शहाणपणा येथेही लागू पडतो.

यंत्राला चित्राचे सौंदर्य कळत नाही आणि रंगसंगतीचे कौतुक नसते. त्याला प्रामुख्याने पानामागील लिखित संकेत वाचावे लागतात. दृष्टिहीन व्यक्ती पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीच्या साहाय्याने संकेतस्थळ 'ऐकतात', त्यांनाही याच संकेतांचा आधार असतो. म्हणूनच यंत्रासाठी केलेल्या यांतील अनेक सुधारणा माणसांच्याही उपयोगी पडतात.

तपासणीची साधने

या क्षेत्रात तीन साधनांचा उल्लेख प्रामुख्याने करावा लागेल.

पहिले साधन 'लाइटहाउस'. गूगलने २०१६ मध्ये उपलब्ध करून दिलेले हे मुक्त-स्रोत साधन क्रोम या न्याहाळकातच अंतर्भूत आहे. तपासावयाचे पान संगणकावर उघडावे, विकसकांसाठी असलेल्या साधनपेटीत जावे आणि 'लाइटहाउस' निवडून तपासणीची आज्ञा द्यावी. थोड्याच वेळात कार्यक्षमता, सुगम्यता, उत्तम प्रथा आणि शोधसुलभता या ४ शीर्षकांखाली शंभरपैकी गुण दिले जातात. ९० ते १०० गुणांना हिरवा, ५० ते ८९ गुणांना नारिंगी आणि त्याखालील गुणांना लाल रंग असतो. गुणांपेक्षा महत्त्वाचा असतो तो खालचा तपशील : कोणती अट पूर्ण झाली नाही आणि पानाच्या कोणत्या भागात दोष आहे, हे तेथे नमूद केलेले असते. हे साधन एका वेळी एकच पान तपासते, ही त्याची मर्यादा.

दुसरे साधन 'सर्च कन्सोल'. हेही गूगलचेच आणि विनामूल्य. संकेतस्थळाची मालकी सिद्ध केल्यानंतर कोणते शब्द शोधले असता आपले पान दिसले, किती वेळा दिसले, किती जणांनी ते उघडले आणि सरासरी क्रमांक कितवा होता, याची १६ महिन्यांपर्यंतची माहिती येथे मिळते. कोणती पाने सूचीत समाविष्ट झाली आणि कोणती झाली नाहीत, झाली नसल्यास त्याचे कारण काय, हेही कळते. बँकेच्या भाषेत सांगावयाचे, तर लाइटहाउस ही मालाची प्रत्यक्ष पाहणी आणि सर्च कन्सोल हा खात्याचा उतारा.

तिसऱ्या प्रकारातील साधने संपूर्ण संकेतस्थळ एका दमात पालथे घालतात. 'स्क्रीमिंग फ्रॉग' या ब्रिटिश कंपनीची आज्ञावली या प्रकारात मोडते. तिच्या विनामूल्य आवृत्तीत ५०० पत्त्यांपर्यंत तपासणी करता येते. लहान व्यावसायिकाला ही मर्यादा सहसा पुरेशी ठरते. कोणत्या पानांना शीर्षक नाही, कोणती शीर्षके पुन्हा पुन्हा आली आहेत, कोणत्या लिंक तुटलेल्या आहेत, याचा तक्ताच ती समोर ठेवते.

अहवाल हाती आल्यावर

आपल्या बागायतदाराच्या संकेतस्थळाची अशी तपासणी केली, तर कोणत्या उणिवा निघतील ? लहान संकेतस्थळांवर वारंवार आढळणाऱ्या दोषांची यादी पुढीलप्रमाणे देता येईल.

पहिला आणि सर्वांत घातक दोष म्हणजे प्रवेशबंदी. संकेतस्थळाचे काम चालू असताना अपुरी पाने लोकांना दिसू नयेत म्हणून तयार करणारा 'नोइंडेक्स' ही सूचना लिहून ठेवतो. याचा अर्थ 'हे पान सूचीत घेऊ नये'. काम संपल्यावर ती काढायची राहून जाते. दुकान सजले, पण दारावरचे 'बंद' हे फलक तसेच राहिले, असा हा प्रकार. साधनाच्या अहवालात हा दोष आढळल्यास बाकी सर्व बाजूला ठेवून तो आधी दूर करावा. कारण सूचीतच नसलेल्या पानाची इतर कोणतीही सुधारणा शोधात उपयोगी पडत नाही.

दुसरा दोष शीर्षकाचा. शोधाच्या निकालात ठळक अक्षरांत जी ओळ दिसते, ती बहुधा पानाच्या शीर्षकावरून घेतलेली असते. अनेक संकेतस्थळांच्या प्रत्येक पानाचे शीर्षक 'मुखपृष्ठ' किंवा 'स्वागत आहे' एवढेच असते. शाखेतील सर्व खात्यांना एकच नाव दिले तर जो गोंधळ होईल, तोच येथे होतो. बागायतदाराने दरपत्रकाच्या पानाला 'देवगड हापूस आंबा : पेटीचे दर व घरपोच सेवा' असे शीर्षक द्यावे, बागेची माहिती देणाऱ्या पानाला त्याला साजेसे वेगळे द्यावे. एक पान, एक विषय, एक शीर्षक हा नियम पाळावा.

तिसरा दोष वर्णनाचा. प्रत्येक पानासाठी एक-दोन वाक्यांचे संक्षिप्त वर्णन लिहिण्याची सोय असते. या वर्णनामुळे क्रमांक वर जातो असे नव्हे. परंतु निकालातील शीर्षकाखाली ते दिसू शकते आणि ते वाचून गिऱ्हाईक पान उघडावे की नाही हे ठरवितो. पूर्वी 'कीवर्ड'ची वेगळी यादी पानामागे लपवून ठेवण्याची प्रथा होती. क्रमवारीसाठी अशा यादीचा उपयोग केला जात नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे. तरीही ही यादी लिहून देण्याचे पैसे कोणी मागत असेल, तर ग्राहकाने सावध व्हावे.

चौथा दोष चित्रांचा. दरपत्रक सुबक दिसावे म्हणून ते चित्ररूपात टाकले जाते. डझनाचा दर, पेटीचे वजन, पाठविण्याची गावे अशी जी माहिती गिऱ्हाईक शोधत असतो, नेमकी तीच चित्रात बंद होते. दरपत्रक नेहमी लिखित मजकुराच्या स्वरूपात द्यावे. छायाचित्रे अवश्य असावीत. पण प्रत्येकाला 'अल्ट टेक्स्ट', म्हणजे पर्यायी वर्णन, जोडावे. 'फोटो १' असे न लिहिता 'पेंढ्यात रचलेली हापूस आंब्याची पेटी' असे लिहावे. दृष्टिहीन गिऱ्हाइकालाही त्यामुळे पेटी 'दिसते'.

पाचवा दोष तुटलेल्या लिंकचा. दर हंगामात नवे पान तयार करून जुने काढून टाकण्याची सवय अनेकांना असते. मग गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकाने जपून ठेवलेला पत्ता उघडला की 'पान सापडले नाही' एवढीच ओळ दिसते. दरपत्रकाचा पत्ता कायम ठेवून त्यावरील मजकूर दरवर्षी बदलावा. पत्ता बदलणे अपरिहार्यच असेल, तर जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमस्वरूपी वळण द्यावे. टपाल कार्यालयात नवा पत्ता कळवून ठेवण्यासारखेच हे आहे.

सहावा दोष वेगाचा. बागेची छायाचित्रे कॅमेऱ्यातून निघाली तशीच टाकली, तर एकेक छायाचित्र कित्येक मेगाबाइटचे असते आणि मोबाइलवर पान उघडता उघडत नाही. पानावरील सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसावा, स्पर्शाला मिळणारा प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत असावा आणि वाचताना मजकूर जागचा हलू नये, अशी गूगलची तीन प्रमुख मानके आहेत. छायाचित्रांचे आकारमान कमी केले, तरी वेगात बराच फरक पडतो. संकेतस्थळाची मोबाइलवरील आवृत्तीच प्रमाण मानून सूची करण्याचे स्थित्यंतर पूर्ण झाल्याचे गूगलने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केले. म्हणून तपासणी करताना मोबाइलचा पर्याय निवडावा.

सातवा दोष सुरक्षिततेचा. पत्त्याच्या आरंभी 'एचटीटीपीएस' नसलेले पान क्रोम न्याहाळक जुलै २०१८ पासून 'असुरक्षित' असे दर्शवितो. गूगलने २०१४ मध्येच या सुरक्षित जोडणीला क्रमवारीत अल्पसे वजन दिल्याचे सांगितले होते. वजनाचा भाग सोडला, तरी 'असुरक्षित' असा शेरा वाचून कोणता गिऱ्हाईक आगाऊ रक्कम भरेल ?

मराठी मजकुराची वेगळी तपासणी

ही साधने प्रामुख्याने इंग्रजी मजकूर नजरेसमोर ठेवून घडविली गेली आहेत. त्यामुळे मराठी संकेतस्थळाच्या बाबतीत त्यांचा अहवाल जसाच्या तसा स्वीकारता येत नाही.

सर्वांत मोठी अडचण जुन्या फाँटची. युनिकोड प्रचलित होण्यापूर्वी मराठी छपाईसाठी जे फाँट वापरले जात, त्यांत पडद्यावर देवनागरी अक्षर दिसत असले, तरी संगणकात साठविलेले चिन्ह रोमन लिपीचे असे. अशा फाँटमध्ये टंकलेखन केलेला मजकूर शोधयंत्राला निरर्थक रोमन अक्षरांची रास वाटते. 'हापूस' हा शब्द पानावर पन्नास वेळा असूनही यंत्राच्या लेखी तो एकदाही नसतो. तपासणी-साधनाला मात्र शीर्षक आहे, वर्णन आहे, मजकूर आहे एवढेच दिसते आणि ते हिरवा शेरा देऊन मोकळे होते. यावर परीक्षा सोपी आहे. पानावरील एक वाक्य उचलून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये चिकटवून पाहावे. देवनागरी अक्षरे उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे, अगम्य रोमन अक्षरे उमटली तर तो रूपांतरित करून घ्यावा लागेल. 

दुसरी बाब शीर्षकाच्या लांबीची. शीर्षक सुमारे ६० अक्षरांपेक्षा मोठे झाल्यास अनेक साधने इशारा देतात. 'देवगड हापूस' यात आपण ७ अक्षरे मोजतो. संगणक मात्र काना, मात्रा, उकार आणि मधली मोकळी जागा स्वतंत्र धरून ११ चिन्हे मोजतो. निकालात शीर्षक कापले जाते ते पडद्यावरील रुंदीनुसार. चिन्हांच्या संख्येनुसार नव्हे. मात्रा अक्षराच्या वर आणि उकार खाली बसत असल्याने ते फारशी जागा अडवीत नाहीत. म्हणून मराठी शीर्षकाच्या बाबतीत हा इशारा तारतम्याने घ्यावा.

पत्त्याच्या लांबीचेही असेच. पानाच्या पत्त्यात देवनागरी शब्द वापरल्यास त्यातील प्रत्येक चिन्हाचे ९ रोमन चिन्हांत रूपांतर होते आणि साधन 'पत्ता फार लांब आहे' अशी तक्रार करते. न्याहाळकात तो देवनागरीत दिसत असला, तरी संदेशात चिकटविला की बऱ्याचदा अगम्य चिन्हांची माळ उमटते. पत्ते रोमन लिपीत, लहान आणि अर्थपूर्ण ठेवणे सोयीचे ठरते.

तिसरी बाब शब्दांच्या रूपांची. 'बँक' आणि 'बॅंक' हे शब्द डोळ्यांना जवळपास सारखे दिसतात. पहिल्यात चंद्रबिंदू हे एकच चिन्ह आहे, तर दुसऱ्यात चंद्र आणि अनुस्वार अशी दोन. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द होत. 'हापूस' आणि 'हापुस' यांचेही तसेच. मोठी शोधयंत्रे असे भेद बऱ्याच अंशी समजून घेतात. संकेतस्थळाची स्वतःची शोधसुविधा तसे करीलच असे नाही. एकच शुद्ध रूप ठरवून ते सर्वत्र वापरावे. पान मराठीत आहे, ही भाषेची नोंद पानामागील संकेतात अवश्य असावी. वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीला योग्य उच्चार निवडण्यास तिची मदत होते. रोमन लिपीतून किंवा इंग्रजी नावाने शोध घेणाऱ्यांसाठी इंग्रजी पान स्वतंत्र करावे.

काही साधने 'वाचनसुलभते'चे गुणही देतात. या गुणांचे एक प्रसिद्ध सूत्र रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ मध्ये इंग्रजीसाठी मांडले. मराठीतील जोडशब्द आणि विभक्ती प्रत्यय त्यात बसत नाहीत. मराठी मजकुराला मिळालेले असे गुण मनाला लावून घेऊ नयेत.

तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असे नव्हे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला आरंभीच एक धडा शिकविला जातो. तेरीजपत्रकाच्या दोन्ही बाजू जुळल्या, तरी हिशेब निर्दोष आहे असे सिद्ध होत नाही. एखादा व्यवहार मुळीच नोंदविला नसेल, चुकीच्या खात्याला नोंदविला असेल किंवा दोन चुका परस्परांना भरून काढीत असतील, तरीही तेरीज जुळते. तपासणी-साधनाच्या गुणांविषयी नेमके हेच म्हणता येईल. शंभरपैकी शंभर गुण मिळाले याचा अर्थ एवढाच की साधनाने जेवढे पाहिले, तेवढ्यात दोष आढळला नाही. दरपत्रक गेल्या वर्षीचे आहे, दूरध्वनी क्रमांक बंद पडला आहे, इंदूरला पेटी किती दिवसांत पोहोचते हे कोठेच लिहिलेले नाही. या गोष्टी यंत्राला कळत नाहीत. गिऱ्हाइकाला मात्र त्याच हव्या असतात.

याउलट गुण वाढविण्याच्या नादात मजकुराची हानीही होते. एका परिच्छेदात दहा वेळा 'देवगड हापूस' हे शब्द कोंबले, तर माणसाला ते वाचवत नाही आणि शोधयंत्रेही अशी भरताड हा नियमभंग मानतात. गिऱ्हाईक दूरध्वनीवर जे प्रश्न विचारतात, त्यांची यादी करून साध्या शब्दांत उत्तरे लिहावीत : आंबा नैसर्गिक रीतीने पिकविलेला आहे का, पेटीत किती नग असतात, खराब निघाल्यास काय, भौगोलिक मानांकनाचे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी आहे का. असे एक पान शंभर युक्त्यांपेक्षा मोलाचे ठरते. २०२४ पासून भारतातही गूगल काही शोधांच्या आरंभी कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश दाखवीत असल्यामुळे नेमकी, पडताळता येणारी माहिती देण्याचे महत्त्व वाढलेच आहे.

ग्राहकांनी घ्यावयाची सावधगिरी

तपासणी-साधनांच्या प्रसाराबरोबर एक व्यवसाय फोफावला आहे. 'आपल्या संकेतस्थळात गंभीर चुका आढळल्या आहेत, आम्ही पहिला क्रमांक मिळवून देऊ' असे संदेश व्यावसायिकांना येतात, सोबत लाल खुणांनी भरलेला अहवालही जोडलेला असतो. तो अहवाल बहुधा अशाच एखाद्या विनामूल्य साधनातून काढलेला असतो. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट केले आहे. प्रामाणिक सल्लागार पुष्कळ आहेत. त्यांची पारख अशी की ते कोणता दोष आहे, तो का दूर करावा आणि त्याला किती काळ लागेल, हे समजावून सांगतात. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी मालकाच्याच नावे असावी आणि परवलीचे शब्द त्याच्याच ताब्यात राहावेत. काम देताना मर्यादित अधिकार द्यावेत आणि काम संपल्यावर ते काढून घ्यावेत.

शोधाच्या निकालाविषयी दुसरी सावधगिरी प्रत्येक खातेदाराने बाळगावी. जे वर दिसते ते खरेच असते, असे नाही. बँकांच्या नावे खोटे ग्राहकसेवा क्रमांक महाजालावर पेरून फसवणूक केली जाते. यावर उपाय म्हणून भारतीय रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या राखीव नावाखाली आणण्यास सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घालून दिली. बँकेचा क्रमांक शोधावयाचा झाल्यास पत्त्याचा शेवट याच शब्दांनी होतो की नाही ते पाहावे किंवा पासबुक अथवा कार्डाच्या पाठीमागील क्रमांक वापरावा. फसवणूक झालीच, तर विनाविलंब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

अनुपालनाचे वेळापत्रक

लेखापरीक्षेचा अहवाल फाइलला लागला म्हणजे काम संपत नाही. अनुपालन झाल्यावरच तो सार्थकी लागतो. संकेतस्थळाच्या अहवालातील दोषांची तीन गटांत विभागणी करावी. पान दिसण्यालाच प्रतिबंध करणारे दोष पहिल्या आठवड्यात दूर करावेत. शीर्षके, वर्णने, चित्रांचे पर्यायी मजकूर आणि तुटलेल्या लिंक यांचे काम पुढील महिन्याभरात संपवावे. वेग आणि रचना यांतील सुधारणा जाणकाराच्या मदतीने सवडीने कराव्यात. प्रत्येक बदलाची तारीख वहीत लिहून ठेवावी, म्हणजे सर्च कन्सोलमधील आकडे वर-खाली झाल्यास त्याचे कारण शोधता येते.

केलेल्या बदलांचा परिणाम दिसण्यास काही तासांपासून काही महिन्यांपर्यंतचा अवधी लागू शकतो. ज्यांचा धंदा हंगामी आहे, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. आंबा उतरू लागल्यावर पाटी दुरुस्त करायला घेतली, तर ती दिसू लागेपर्यंत पेट्या संपलेल्या असतील. पावसाळ्यात बागेत उघडीप नसते, तेव्हा पहिली तपासणी उरकावी. झाडे मोहरू लागण्यापूर्वी दुरुस्त्या पूर्ण कराव्यात. फेब्रुवारीत पुन्हा एकदा साधन चालवून नवे दर त्याच जुन्या पत्त्यावर चढवावेत. यासाठी लागणारा खर्च बहुतांशी वेळेचाच आहे. दर वर्षी झाडाला खत-पाणी घालणाऱ्याने आपल्या पाटीकडेही वर्षातून दोनदा पाहिले, तर इंदूरच्या त्या घरात पोहोचणारी पेटी खऱ्या बागेतली असण्याचा संभव वाढेल आणि कर्जाचा हप्ताही वेळेवर भरला जाईल.